बाय झोपली, असं तू सांगायचीस

सुरेखावैनी, तुझ्यावरचं पत्रक मी छापलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण भेटलीस तर पहिलं तेच विचारशील. भेटणार नाहीस. वर बिर काही नसतं, हे मी चौकाचौकात ओरडून सांगत आलोय आणि उद्याही सांगेन. तरी बोलतोय तुझ्याशीच. दुसऱ्या कोणाशी बोलावं ते कळत नाही.

छापायला गेलो होतो. उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या आपल्या नेहमीच्या सिंधी शेठकडे. त्याच्याकडे 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मोठ्या टायपात जुळवून, सुतळीनं बांधून कायमचे ठेवलेले असतात. मी दारात दिसलो की तो फडताळातून ते काढतो. परवाही काढले. मी म्हटलं, शेठ, आमच्या बदलापूरची एक बाई वारली. तो म्हणाला, "बहुत बुरा हुआ, साईं. किसके खिलाफ डालूँ?"

मी तिथेच उभा राहिलो. मागे त्याचं यंत्र कुठल्याशा लग्नाच्या पत्रिका काढत होतं. किसके खिलाफ. मी आजवर आमच्या गावच्या समितीची किती पत्रकं लिहिली, नाल्यात सोडलेल्या रसायनाची, नळातल्या वासाची, खोदून ठेवलेल्या रस्त्याची. मरणांचीही लिहिली. प्रत्येकात कोणीतरी आहे. कंत्राटदार आहे, इंजिनियर आहे, मालक आहे. त्याच्याशिवाय पत्रक उभं राहत नाही. तुझ्या पत्रकात घालायला माझ्याकडे माणूसच नव्हता. शेठला म्हटलं, ठेवून द्या ते परत. त्यानं सुतळी पुन्हा आवळली आणि मला चहा पाजला.

गुरुवारी मी सभेची सूचना घेऊन तुमच्या मांजर्लीच्या घरी आलो. ओटीला लागून तुझी ती खोली, एका भिंतीला केबलचे डबे, दुसऱ्या भिंतीला कॅसेटी, मध्ये व्हीसीआर आणि माइक. तू स्टुलावर बसली होतीस. म्हणालीस, "पंखा जरा वाढव रे, निषेध." मी वाढवला. वळून बघतो तर तू दोन्ही हातांनी डोकं धरलं होतंस. बस, एवढंच. मी पंख्याच्या बटनाकडे वळलो आणि परत वळलो, तेवढ्यात.

रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. फाटक बंद होतं. आधी मालगाडी गेली, मग दुसऱ्या बाजूनं काहीतरी गेलं. त्या फाटकाशी बसल्या बसल्या मी मनात अख्खं पत्रक लिहिलं, मथळ्यासकट. तुझा श्वास चालू होता आणि मी वाक्यं जुळवत होतो. मला तेवढंच येतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की डोक्यातली नस फुटली होती, फाटक उघडं असतं तरी काही झालं नसतं. मी म्हटलं, तुम्ही रेल्वेची बाजू घेऊ नका. ते म्हणाले, "अहो, मी कोणाचीच बाजू घेत नाही. यात कोणाची चूक नाही." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग हरीदादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नवरा तो, आणि धीर देत होता मला.

मला त्या डॉक्टरचा अजून राग येतोय. बाई धडधाकट होती, बोलत होती, आणि कोणाची चूक नाही म्हणजे काय?

हे सगळं सुरू झालं तेही एका चुकीनंच. तुझ्या. ती गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मी स्वतः तिथे होतो असंच आता वाटतं. हरीदादा अंबरनाथच्या कारखान्यात, उरलेल्या वेळात गच्च्यांवरून केबलच्या तारा ओढणारा. खोली तुझी. आपल्या गावापुरतं जे एक चॅनेल होतं, त्यावर तू दुपारी कॅसेट लावायचीस आणि माइकवरून सूचना द्यायचीस: अमक्याच्या घरी हळदीकुंकू आहे, तमक्याची शेळी सापडली आहे, ज्यांनी या महिन्याचे दिले नाहीत त्यांची तार हरी कापील. त्या रविवारी सूचना झाल्या आणि तू माइक बंद करायला विसरलीस. कॅसेट होती डायनोसॉरची. इंग्रजी चॅनेलवरून भरून घेतलेली, मांस खाणाऱ्या डायनोसॉरवरची. पावसाळ्यात दुसरी कॅसेट मिळाली नाही म्हणून लावलेली.

तुझ्या सासूला, आईंना, मोतीबिंदूमुळे टीव्हीवर नुसता उजेड दिसतो. शेजारी बसून त्या विचारायच्या आणि तू सांगायचीस, हे तुमचं रोजचं. त्या दिवशी तुमचं ते बोलणं सगळ्या मांजर्लीत आणि हेंद्रेपाड्यात घरोघरी गेलं. इंग्रजी निवेदकाच्या डोक्यावरून.

"काय आलंय गं?"

"बाय आलीय, आई. मोठी. दोन पायांवर चालते. तोंड म्हनशील तं आपल्या माजघराच्या दारायेवढं."

"दात घासते का?"

"घासाला हात पुरले पायजेत ना. हात बगा येवढुसे. कोपरापासनं कापल्यावानी."

"मंग जेवते कशी?"

"तोंडानंच. वाढाला कोण हाय तिला?"

मी त्या वेळी हेंद्रेपाड्यात घरी होतो. आमच्या चाळीत आधी कोणीतरी हसलं, मग पलीकडच्या खोलीतून, मग खालून. सगळ्या चाळीत एकच हसू वेगवेगळ्या दारांतून येत होतं. दुसरी मादी आली तेव्हा तू आईंना सांगितलंस, "ही जाऊ. वाटणी मागाला आली." त्या दोघी मेलेल्या जनावरावरून भांडल्या, तेव्हा आई म्हणाल्या, "थोरलीनं दिलं पायजे थोडं," आणि तू म्हणालीस, "तुमी दिलं व्हतं?" मागे इंग्रजीत तो गृहस्थ गंभीरपणे दातांची लांबी सांगत राहिला.

पुढच्या रविवारी लोकांनी तीच कॅसेट मागितली. त्याच्या पुढच्याही. तुला वाटलं लोकांना जनावरं आवडली. जनावरं आवडलीच होती. माझ्यासारख्यालाही, आणि हे मी समितीत कधी कबूल केलं नाही. ती मोठी बाय झाडीतून नुसतं डोकं बाहेर काढते आणि वास घेते, ते बघताना मी दर वेळी उशी पोटाशी धरायचो. पुढे काय होणार हे पाठ असून. पण लोक थांबायचे ते तू आज काय म्हणशील त्यासाठी; ते कळल्यावर तू माइक मुद्दामच चालू ठेवू लागलीस. कॅसेट तीच, आणि भाजीवाल्या मावशी सोमवारी विचारायच्या, "काल जाऊ जिंकली का हो?"

आमची सभा मात्र रविवारीच असायची, दुपारी. पाण्यावरची सभा. नदीत काय मिसळतंय आणि ते आपल्या हंड्यात कसं येतंय, यावरची. त्या रविवारी मैदानात सतरंजी होती, माइक होता आणि मी होतो. माणसं तुझ्या बायसमोर. मी तसाच तुझ्या ओट्यावर चालून आलो. म्हटलं, लोकांच्या पोटात विष जातंय आणि तुम्ही त्यांना पाली दाखवताय. समाजाचं लक्ष मुख्य प्रश्नावरून उडवण्याचं हे काम आहे. याचा मी जाहीर निषेध करतो.

तू आत वळून म्हणालीस, "आई, निषेध आलाय. पानी देऊ का च्या?"

आई म्हणाल्या, "च्या दे. लय ओरडलाय."

तेव्हापासून माझं नाव गेलंच. अख्खी मांजर्ली मला निषेध म्हणते. समितीच्या अध्यक्षांनीसुद्धा परवा चुकून म्हटलं.

मार्गही तूच काढलास. "मंग बोल ना हितंच. बायच्या आदी." फिल्मच्या आधी पाच मिनिटं माइक माझा. मी पाण्यावर बोलायचो, आणि वेळ संपली की तू माझ्या तोंडापुढून माइक ओढायचीस. "झाली पाच. बाय भुकेली हाय." त्या पाच मिनिटांनी आमच्या सभांना माणसं आली, वैनी. नगरपालिकेच्या ऑफिसपुढे बायका हंडे घेऊन बसल्या त्या तुझ्या माइकमुळे बसल्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला माहीत असणार असं धरून चाललो. माणसं असं धरून का चालतात?

आपण भांडलो मात्र भरपूर. पहिलं मोठं भांडण चित्रावरून. मी पत्रकासाठी एक चित्र काढून आणलं होतं. तुझी बाय, तोंड उघडं, दातांत आपलं गाव, डोक्यावर कारखान्याची चिमणी. खाली लिहिलं होतं, 'नरभक्षक भांडवल'. म्हटलं, रविवारी हे घरोघरी वाटू आणि माइकवरून सांगू. लोकांना ती ओळखीची आहे, लगेच कळेल. तू चित्र हातात घेतलंस, बघितलंस आणि परत दिलंस.

"ही नाय ती."

"प्रतीक आहे, वैनी."

"आसंल. पन बाय खाते नि झोपते. पोट भरल्यावर समोरून वासरू गेलं तरी बगत नाय. पान्यात घान टाकताना दिसली तुना कदी?"

मी म्हटलं, शिकारी तो शिकारी. भक्ष्याच्या बाजूनं बघ. तू म्हणालीस, "मी दोगांच्या बी बाजूनं बगते. मना सांगाला लागतं ना आईंना." मी तुला तटस्थ म्हटलं. आमच्या चळवळीत ती शिवी आहे. तुला ती शिवी वाटली नाही, हे मला जास्त लागलं. ते चित्र मी नंतर छापलंच, तुला न विचारता. चांगलं झालं होतं. अजूनही म्हणतो, चांगलं होतं.

दुसरं भांडण संपलेलं नाही.

फिल्मच्या शेवटी तुझी बाय आटलेल्या तळ्याच्या काठाशी येते. चिखलात बसते. मान खाली ठेवते आणि मरते. निवेदक सांगतो की शास्त्रज्ञांना हाडं सापडली ती अशीच, आणि हाडांवर एकही जखम नव्हती. घरोघरी लोकांना ते डोळ्यांनी दिसायचं. माशा दिसायच्या तिच्या डोळ्यावर. आणि माइकवरून तू आईंना सांगायचीस, "बाय झोपली, आई. दमली. आता तुमी पन लवंडा." मग खट्कन कॅसेट थांबायची. आई आत जाऊन लवंडायच्या आणि त्यांच्याबरोबर सगळी आळी लवंडायची. रविवार दुपारी मांजर्लीत कुत्रंसुद्धा उभं दिसायचं नाही.

मी तुला म्हटलं, हे खोटं आहे. म्हातारीच्या डोळ्यांचा फायदा घेणं आहे. नाल्यात मासे पांढरे होऊन वर येतात तेव्हा कारखान्याचा साहेब असंच बोलतो, काही नाही, हवामानामुळे जरा सुस्तावलेत. लोकांना जे खरं आहे ते कळलंच पाहिजे.

"लोकांना दिसतंय की. त्यांना कुटं लपवलं?"

"मग आईंना का?"

"तुना काय करायचंय? तू तुजं गटार बग."

"वैनी, विषय टाळू नकोस."

"जेवून लवंडाच्या वक्ताला मेली सांगू का मी? झोप लागंल का त्यांना?"

"आज ना उद्या त्यांना कळेल."

"उद्याचं उद्या बगू," असं म्हणून तू मला कॅसेटी पुसायला बसवलंस. माझ्या मते मी बरोबर होतो. आजही आहे. तुझ्या जाण्यानं माझा मुद्दा चुकीचा ठरत नाही. पण एक गोष्ट मी तुला विचारायला हवी होती. तू एवढी फटकळ. हरीदादाच्या साहेबाला तोंडावर ऐकवणारी, मला चारचौघांत गप्प करणारी. मग ह्या एकाच जागी तू का बिचकायचीस? ते मी विचारलं नाही. मुद्दा जिंकायच्या घाईत होतो.

काल रविवार होता. तुझ्या खोलीला कुलूप असेल असं मला वाटलं होतं. हरीदादा म्हणतच होता, चालवणारी गेली, आता कनेक्शनं दुसऱ्या कोणाला देऊन टाकतो. मी आलो तर ओट्यावर बायका बसलेल्या. घरी टीव्ही असलेल्या बायका, तरी इथे आलेल्या. आत आई स्टुलाशेजारी, त्यांच्या रोजच्या जागेवर.

"आला का निषेध? लाव ती फिल्म."

हरीदादा म्हणाला, "आई, असू दे आज."

"का असू दे? रविवार हाय ना? ती लावायची का नाय?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मला आतली बटनं माहीत नाहीत रे. मी तारांचा. तूच बघ."

मी कॅसेट सरकवली. कुठलं बटन दाबलं देव जाणे, आमचा देव नसला तरी. चित्र आलं. माइक चालू केला. माझी पाच मिनिटं माझ्यापुढे होती आणि मला पाणी आठवेना. शेवटी म्हटलं, "सुरेखावैनी गुरुवारी वारली. फिल्म लावतोय." बाहेर ओट्यावर एकीनं पदर तोंडात धरला.

मग बाय आली. मी सुरुवात केली, "हा एक हिंस्र मांसाहारी प्राणी असून, आपल्या प्रचंड जबड्याच्या बळावर दुर्बळ प्राण्यांचं..."

"ए," आई म्हणाल्या. "भाषन नको. दिसतंय काय ते सांग."

दिसतंय काय ते. वैनी, किती कठीण आहे ते. मी आजवर काय असायला हवं ते सांगत आलो. मी सांगू लागलो. मान काढली. वास घेतेय. थांबली. आता पाय टाकला. दुसरी आली. आई मध्येच, "जाऊ," म्हणाल्या. मी म्हटलं, हो, जाऊ. बाहेर एकजण हसली आणि लगेच रडायला लागली. माझ्या सांगण्यात काही मजा नव्हती. कोणाला वाटली असेल असंही नाही. पण कोणी उठून गेलं नाही.

आणि तळं आलं. मला ते येणार हे पहिल्यापासून माहीत होतं, बाहेरच्या बायकांना माहीत होतं, घरोघरी ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. बाय काठाशी बसली. मान खाली ठेवली. माइक हातात, आणि सगळी मांजर्ली माझ्या तोंडाकडे कान लावून. तुझे शब्द तयार होते. म्हटले असते तर कोणी काही बोललं नसतं. हरीदादा दारातून मला खुणेनं तेच सांगत होता, हात गालाशी नेऊन.

"काय करते?" आईंनी विचारलं.

मी म्हटलं, "मेली, आई."

पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी आपली मान जरा माझ्याकडे वळवली.

"कोनी मारली?"

"कोणी नाही."

"जाऊनं?"

"नाही. जाऊ नाहीये तिथे. कोणीच नाही. अंगावर जखम नाही, असं तो सांगतोय. बसली आणि मेली."

मला वाटलं, आता आई रडतील, आणि ते मी केलेलं असेल. मग त्या म्हणाल्या, "मंग सुरेखा मना झोपली का सांगायची?"

मी काय सांगणार होतो? वैनी, तूच सांग, मी काय सांगणार होतो?

"मागं घे," त्या म्हणाल्या. "नीट बगू दे. कशी मेली ती सांग मना पयल्यापासनं."

मी मागे घ्यायचं बटन दाबून धरलं. तू आधी कॅसेट थांबवायचीस आणि मग मागे घ्यायचीस, हे मला हरीदादानं नंतर सांगितलं. मी चालू फिल्मवरच दाबलं. पडद्यावर आडव्या रेघा उठल्या, चित्र थरथरलं, आणि चित्र गेलं नाही, उलटं धावू लागलं. सगळ्या मांजर्लीत, सगळ्या हेंद्रेपाड्यात, ज्याच्या त्याच्या घरात ते दिसलं असणार. ओट्यावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"निषेध, गप का? दिसतंय काय?"

"डोळ्यावरच्या माशा उडाल्या, आई," मी म्हटलं. "मान उचलली तिनं. उठतेय. उठली. आता उलट्या पावलांनी तळ्यापासून लांब चाललीय."

"चालते ना?"

"चालतेय."

"मंग जाऊ दे तिला," आई म्हणाल्या. "बटन सोडू नको."